एक पलटण, दोन हिशेब

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात उभारलेल्या देशी फौजेकडे सुरुवातीपासून दोन कामे होती. वखार, किल्ला आणि पुढे जिल्ह्याची तिजोरी राखणे हे घरचे काम. समुद्रापलीकडे शत्रूची बंदरे घेणे हे बाहेरचे. दोन्हींसाठी माणसे मात्र वेगळी ठेवलेली नव्हती. सात वर्षांच्या युद्धात १७६२ साली इंग्रजांनी स्पेनकडून मनिला घेतले, त्यात मद्रासचे शिपाई होते. नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये अडकली असताना १८०१ मध्ये जनरल बेर्डच्या हाताखाली मुंबईचे शिपाई तांबड्या समुद्रावरच्या कुसैर बंदरात उतरले, वाळवंट तुडवून नाईलपर्यंत गेले आणि नदीने खाली आले. ते पोचेपर्यंत कैरोतल्या फ्रेंचांनी शस्त्रे ठेवली होती, त्यामुळे लढाई वाट्याला आली नाही. पण हिंदुस्थानातून भूमध्य समुद्रापर्यंत कुमक जाऊ शकते हे लंडनला समजले. १८१० मध्ये मॉरिशस आणि १८११ मध्ये जावा घेताना अशीच कुमक गेली.

तिन्ही इलाख्यांच्या फौजांची समुद्राशी सोयरीक मात्र सारखी नव्हती. बंगालची फौज अवध आणि बिहारमधल्या उच्चवर्णीय शेतकरी घरांतून भरलेली होती आणि तिच्या बहुतेक पलटणींना समुद्र ओलांडण्याची सक्ती नव्हती. ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १८२४ मध्ये, बराकपूरच्या छावणीत ४७ व्या पलटणीने कूच करायला नकार दिला. समुद्रप्रवासाची धास्ती होतीच, शिवाय सामान वाहायला बैल मिळत नव्हते आणि त्यांचा खर्च शिपायांनी सोसावा अशी अपेक्षा होती. कवायतीच्या मैदानावरच त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. त्यानंतर तीस वर्षे हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. १८५६ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने नव्या भरतीसाठी कायदा केला: यापुढे बंगालच्या फौजेत येणारा प्रत्येक जण नेतील तिथे जाण्याची शपथ घेऊनच येईल. पुढच्याच वर्षी उठाव झाला. जुन्या शिपायांना हा कायदा लागू नव्हता, पण त्यांच्या मुलांना आणि भाच्यापुतण्यांना लागू होणार होता, आणि शिपाईगिरी हा तिकडे घराण्याचा पेशा होता.

मुंबई इलाख्यात चित्र निराळे होते. इथल्या पलटणींत कोकण आणि देशावरचे मराठे, महार, उत्तरेतून आलेले परदेशी, थोडे मुसलमान आणि बेने इस्रायली असे सगळेच एका ओळीत उभे राहत. कोकणातल्या माणसाला गलबताचे अप्रूप नव्हते. कंपनीच्या मुंबईतील आरमारावर चढवण्यासाठी १७७७ पासून एक स्वतंत्र मरीन बटालियनच होती आणि तिच्यात महारांची संख्या मोठी होती. पेन्शन घेतलेले सुभेदार-जमादार दापोलीसारख्या कॅम्पात वस्ती करून राहत. इराणच्या आखातात चाचेगिरीविरुद्धच्या १८१९ ते १८२१ च्या मोहिमा मुंबईनेच केल्या. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सच्या तुकडीने एडन घेतले, तेही मुंबईच्या पलटणींच्या बळावर. एडनचा कारभार जवळजवळ शंभर वर्षे मुंबईशी बांधलेला राहिला आणि तिथल्या पहाऱ्याचा खर्चही हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात राहिला. समुद्रापलीकडच्या कायमच्या शिबंदीचे हे पहिले मोठे उदाहरण. पुण्याच्या नव्हे, लंडनच्या जहाजवाटेचे रक्षण करणारे हे ठाणे स्थानिक संरक्षणात मोडते की साम्राज्याच्या, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तो पुढे अनेकांनी विचारला.

१८५७ मध्ये या व्यवस्थेचे दोन्ही बाजूंचे दर्शन घडले. फेब्रुवारीत मुंबईची फौज औट्रमच्या हाताखाली इराणमध्ये बुशहरजवळ खुशाबची लढाई जिंकत होती. मे महिन्यात मेरठ पेटले तेव्हा औट्रम, हॅवलॉक आणि त्यांच्या पलटणी घाईघाईने परत आणाव्या लागल्या. चीनकडे निघालेले गोरे सैन्य वाटेतच कलकत्त्याकडे वळवले गेले. म्हणजे परदेशी पाठवलेली फौज घरच्या संकटाला पुरेशी लवकर सापडत नाही, आणि दुसऱ्या मोहिमेची कुमक मात्र हाताशी असली तर राज्य वाचते. मुंबईची फौज बहुतांशी शांत राहिली, तरी अगदीच नाही: ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली.

उठावानंतर नेमलेल्या पील कमिशनने १८५९ मध्ये जे सांगितले त्यावर पुढची साठ वर्षे हिंदुस्थानची फौज बेतली गेली. उठावापूर्वी सुमारे ४५ हजार गोऱ्या सैनिकांमागे २ लाख ३२ हजार देशी शिपाई होते. कमिशनच्या मते बंगालमध्ये एका गोऱ्याला दोन, मद्रास आणि मुंबईत तीन, यापेक्षा जास्त देशी शिपाई नसावेत. त्याप्रमाणे गोरे वाढवून साठ हजारांच्या वर नेले गेले आणि देशी फौज जवळजवळ निम्म्यावर आणली. डोंगरी तोफांच्या काही तुकड्या सोडता तोफखाना गोऱ्यांकडे गेला. महत्त्वाच्या प्रत्येक छावणीत देशी पलटणींच्या शेजारी एक गोरी पलटण बसली. पुणे, खडकी, अहमदनगर, बेळगाव या छावण्यांचे नंतरचे रूप याच धोरणातून आले. मुंबई बंदरात उतरणाऱ्या गोऱ्या शिपायांना हवापालट म्हणून थांबवण्यासाठी देवळालीचा कॅम्पही याच काळात वसला.

आता खर्चाचा मुद्दा. गोरा शिपाई देशी शिपायापेक्षा कितीतरी महाग पडे. त्याच्या पगाराबरोबर इंग्लंडमध्ये त्याला भरती करून कवायत शिकवण्याचा खर्चही डोईमागे दरवर्षी ठरलेल्या पौंडांत हिंदुस्थानकडून वसूल होई. देशी शिपायाला दरमहा ७ रुपये मिळत, आणि १८९५ पर्यंत ते ७ च राहिले. अशी मोठी फौज देशात असंतोष नसतानाही पोसावी लागे, कारण ती असंतोषाच्या भीतीनेच ठेवलेली होती. साहजिकच शांततेच्या काळात तिच्यातल्या पाचदहा हजार माणसांना बाहेर पाठवणे शक्य होई. लंडनच्या डोळ्यांना ही फौज राखीव कुमक दिसू लागली ती यामुळे. घरच्या पहाऱ्यासाठी हिंदी करदात्याने एकदा पैसे मोजले होते. मग तीच पलटण साम्राज्याच्या कामाला नेली तर इंग्रज करदात्याला जवळपास फुकटात मिळत होती.

याला अटकाव म्हणून कायद्यात एक कलम होते. कंपनीचे राज्य राणीकडे घेणाऱ्या १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमात असे होते की परचक्राचे निवारण सोडून, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या मोहिमेला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय हिंदुस्थानचा महसूल वापरू नये. कलम चांगले होते. पण संमती देणारे पार्लमेंट हिंदी करदात्याने निवडलेले नव्हते.

त्याची पहिली मोठी कसोटी अबिसिनियात लागली. सम्राट तेवोद्रोसने ब्रिटिश वकील आणि काही युरोपीय लोक कैदेत टाकले होते. त्यांच्या सुटकेसाठी फौज कुठून न्यायची, या प्रश्नाला उत्तर एकच होते: मुंबई. मुंबईच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्याकडे मोहीम दिली गेली. ऑक्टोबर १८६७ पासून तांबड्या समुद्राच्या काठी झुला येथे माणसे, खेचरे, उंट आणि सामान उतरू लागले. सुमारे १३ हजार लढाऊ सैनिक आणि त्यांच्या दुपटीने हमाल-माहूत-नोकर असा तो पसारा होता. जड तोफा ओढायला ४४ हत्ती नेले होते. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आगगाडीचे रूळ टाकले गेले, गोड्या पाण्यासाठी समुद्राचे पाणी उकळून वाफ थंड करणारी यंत्रे बसवली गेली, आणि अबिसिनियात चालणारे मारिया तेरेसा छापाचे चांदीचे डॉलर मुद्दाम जमवून नेले. चारशे मैलांची चढण चढून एप्रिल १८६८ मध्ये फौज तेवोद्रोसच्या मग्दला किल्ल्यापाशी पोचली. १० एप्रिलला अरोगेची लढाई झाली. १३ तारखेला किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. कैदी त्याआधीच सुटले होते. फौजेने किल्ला जाळला, तिथले धर्मग्रंथ आणि चीजवस्तू लुटल्या आणि ती परत फिरली. त्यातल्या कित्येक वस्तू अजून इंग्लंडमध्ये आहेत.

खर्च अंदाजाच्या दुपटीने होऊन जवळजवळ ९० लाख पौंडांवर गेला. त्यातला बहुतेक भार ब्रिटनने उचलला हे खरे, पण या फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यायचा असे ठरले. युक्तिवाद असा की ही माणसे घरी असती तरी पगार द्यावाच लागला असता. या युक्तिवादाला पार्लमेंटमध्येच सडेतोड उत्तर मिळाले, आणि ते देणारा कोणी हिंदप्रेमी नव्हता. नुकताच भारतमंत्रिपदावरून पायउतार झालेला, पुढे लॉर्ड सॉल्झबरी म्हणून पंतप्रधान झालेला क्रॅनबोर्न म्हणाला की हिंदुस्थान म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रातली इंग्रजांची बराक, आणि पैसे न देता तिथून हवी तेवढी फौज काढावी, असे मानणे आपल्याला पसंत नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. इतकी माणसे एक वर्ष बाहेर राहिली आणि घरचे काही अडले नाही, तर एक तर ती घरी जास्तीची होती, नाही तर ती नसताना घर धोक्यात होते. दोन्ही परिस्थितींत बिल हिंदुस्थानच्या नावावर कसे? पार्लमेंटने तरीही ठराव मंजूर केला.

पुढच्या वीस वर्षांत हीच पद्धत रुळली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाल्याने भूमध्य समुद्र जवळ आला. रशिया-तुर्की युद्धानंतरच्या तणावात १८७८ साली डिझरायलीने सुमारे ७ हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला नेले. लढाई होणार नव्हतीच. रशियाला दाखवायचे होते की इंग्लंडची फौज इंग्लंडपुरती नाही. पार्लमेंट सुटीवर गेल्यावर ही बातमी फुटली आणि पुढे वाद झाला तो हिंदी पैशाचा नव्हे, तर पार्लमेंटला न विचारता राणीने युरोपात परदेशी फौज आणावी का याचा. माल्टाहून तीच फौज सायप्रसचा ताबा घ्यायला गेली. १८८२ मध्ये इजिप्तच्या मोहिमेत हिंदी तुकडी तेल-अल-कबीरच्या लढाईत होती. या वेळी खर्च हिंदुस्थानवर टाकला गेला आणि व्हाइसरॉय रिपनने विरोध केल्यावर ब्रिटनने त्यातला काही भाग दिला. १८८५ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदराजवळ तोफ्रेकच्या लढाईत मुंबईची २८ वी पलटण लढली. त्याच साली डिसेंबरमध्ये मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली आणि तिच्या मोजक्या ठरावांत वाढत्या लष्करी खर्चाला विरोध करणारा ठराव होता. अफगाण सरहद्दीवर रशियाची भीती दाखवून त्याच सुमारास फौजेत ३० हजार माणसे वाढवली जात होती.

१८९६ मध्ये सुआकिनला पुन्हा हिंदी शिबंदी बसली, इजिप्तची फौज नाईलवर मोकळी करण्यासाठी. या वेळी हिंदुस्थान सरकारनेच आक्षेप घेतला. तो मानला गेला नाही. पण तोपर्यंत हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे वेल्बी कमिशन बसले होते. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनी लंडनला जाऊन साक्षी दिल्या. गोखल्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. तरी आकड्यांवर त्यांची पकड अशी की उलटतपासणीत ते अडले नाहीत. हिंदी फौज आशियातल्या ब्रिटिश सत्तेची राखीव फौज म्हणून ठेवली जाते, तेव्हा तिच्या खर्चाचा वाटा ब्रिटनने उचलावा, हा त्यांच्या बाजूचा गाभा होता. १९०० मध्ये अहवाल आला. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या सभासदांनी वेगळे मत नोंदवले. ब्रिटनने थोडीशी रक्कम आणि एडनच्या खर्चाचा वाटा देऊ केला. एकूण लष्करी खर्चापुढे ती रक्कम मामुलीच होती.

अहवाल छापला जात असतानाच हिंदुस्थानच्या छावण्या पुन्हा रिकाम्या होत होत्या. बोअर युद्ध सुरू होताच १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीच्या बचावाला सर्वांत आधी पोचल्या त्या इथल्या गोऱ्या पलटणी. ते युद्ध गोऱ्यांचे मानले गेल्यामुळे हिंदी शिपाई लढाईला नेले नाहीत. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा उलट हिंदी पलटणीच पेकिंगच्या वकिलातींपर्यंत पोचल्या. एकाच वेळी दोन खंडांत फौज गेली आणि हिंदुस्थान शांत राहिला. गोखल्यांनी कायदेमंडळातल्या अर्थसंकल्पीय भाषणांत लष्करी खर्चावर टीकेचा सूर धरला, त्याला या अनुभवाचे बळ होते.

या काळात भरतीचे धोरणही बदलले. रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या मते रशियाशी लढायला पंजाबी, पठाण, गुरखे हेच लायक. मुंबईच्या फौजेतले महार या निकषात बसेनात आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची भरती बंद झाली. ज्या लोकांनी समुद्रावर जायला कधी कुरकुर केली नव्हती त्यांनाच साम्राज्याच्या राखीव फौजेतून काढले गेले. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, ते ऐकले गेले नाहीत. पलटणींतली मराठ्यांची जागा टिकली. सरसेनापती किचनेरने १९०३ मध्ये सर्व फौजेला एकच क्रमांकमालिका दिली तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी ठरल्या. किचनेरचा भर डिव्हिजनांवर होता: युद्ध झाले की आहे तशी उचलून न्यावी, आणि अंतर्गत बंदोबस्तासाठी वेगळी फौज मागे ठेवावी. कागदावर तरी दोन कामांची फारकत पहिल्यांदाच झाली.

१९१४ मध्ये हा कागद तपासला गेला. सहावी डिव्हिजन पुण्याची म्हणून ओळखली जाई. तिच्या तीन पायदळ ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगावच्या होत्या. ६ नोव्हेंबरला तिची पहिली ब्रिगेड शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. इतर हिंदी फौज फ्रान्स, इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेला गेली. हिंदुस्थानातून नेहमीच्या गोऱ्या पलटणी इतक्या काढल्या गेल्या की एका वेळी देशात जेमतेम १५ हजार गोरे सैनिक उरले, असे व्हाइसरॉय हार्डिंजने नंतर लिहिले. त्यांच्या जागी इंग्लंडहून टेरिटोरियल पलटणी आल्या: सुटीच्या दिवशी कवायत करणारे कारकून आणि दुकानदार, आता देशभरच्या छावण्यांत पहारा देत. सिंगापूरचा अनुभव आणखी कडू ठरला. तिथल्या बंदोबस्ताला असलेल्या पाचव्या लाइट इन्फंट्रीने हाँगकाँगला निघण्याच्या आदल्या दिवशी, १५ फेब्रुवारी १९१५ रोजी, बंड केले. ते मोडायला फ्रेंच, रशियन आणि जपानी जहाजांवरचे खलाशी बोलवावे लागले.

मेसोपोटेमियात पुणे डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली. दारूगोळा, बोटी, दवाखान्याची व्यवस्था यांचा हिशेब सरहद्दीवरच्या छोट्या मोहिमेसाठी केलेला होता, आणि हिंदुस्थान सरकारचा हात आखडता होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तिची गती खुंटली. तिचा सेनापती टाउनशेंड याने ती मागे कूत-अल-अमाराला आणली. ७ डिसेंबरला वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. बरेच हिंदी शिपाई ते खाईनात आणि अशक्तपणाने, स्कर्व्हीने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांतले हजारो कैदेत, वाळवंटातल्या वाटचालीत मेले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या गावांतल्या कित्येक घरांना पुढे काही कळलेच नाही. १९१७ च्या चौकशी अहवालाने हिंदुस्थान सरकारला दोषी धरले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. माणसे पुरेनात तेव्हा त्याच वर्षी १११ व्या क्रमांकाची महार पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर ती मोडली. ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९२२ मध्ये सर्व मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या.

युद्धानंतर नव्या कायदेमंडळात शिवस्वामी अय्यर यांनी १९२१ मध्ये ठराव आणले: फौज देशाच्या संरक्षणासाठी आणि अंतर्गत शांततेसाठी आहे, साम्राज्याच्या कामात हिंदुस्थानवर स्वायत्त वसाहतींपेक्षा जास्त बोजा नको. फौजेची त्या काळची विभागणी तीन भागांत होती: सरहद्दीवरची आघाडीची फौज, मैदानी फौज आणि अंतर्गत सुरक्षेची फौज. सायमन कमिशनने नोंदवले की अंतर्गत सुरक्षेत प्रत्येक सात हिंदी सैनिकांमागे आठ गोरे होते. बाकी सगळीकडे हिंदी जास्त. परक्याशी लढायला हिंदी शिपाई विश्वासाचा, हिंदी जमावापुढे गोराच हवा, असा त्याचा अर्थ. १९२७ मध्ये शांघायला हिंदी ब्रिगेड गेली तेव्हा कायदेमंडळाला चर्चाही करू दिली नाही. पैशाच्या बाबतीत मात्र थोडे पाऊल पुढे पडले. लष्करी खर्चाची वाटणी तपासणाऱ्या गॅरन न्यायाधिकरणाच्या निर्णयानुसार १९३३ पासून ब्रिटन वर्षाला १५ लाख पौंड देऊ लागले. साम्राज्याला हिंदुस्थानात तयार फौज मिळते, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले.

१९३९ मध्ये चॅटफील्ड समितीने बाहेर पाठवायच्या फौजेच्या आधुनिकीकरणाचा खर्च ब्रिटनने उचलावा असे सुचवले. युद्ध जाहीर होण्यापूर्वीच ब्रिगेड इजिप्त आणि सिंगापूरला रवाना झाल्या. नोव्हेंबरमधल्या करारानुसार हिंदुस्थानच्या हद्दीतला आणि हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानकडे, समुद्रापलीकडचा ब्रिटनकडे अशी वाटणी झाली. करार करणाऱ्यांना काय होणार याची कल्पना नव्हती. फौज २५ लाखांवर गेली. मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत आणि नंतर इटलीत लढल्या, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दरम्यान लंडनच्या नावावर देणे साठत गेले आणि युद्ध संपताना ब्रिटन हिंदुस्थानचे १३० कोटी पौंडांच्या आसपास कर्जदार होते. घरचे कामही सुटले नव्हते: ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनाविरुद्ध ५७ पलटणी वापरल्या गेल्या, जपानी ब्रह्मदेशात उभे असताना.

शेवटची मोठी परदेशी पाठवणी जावात झाली. जपान शरण गेल्यावर डच सत्तेला जागा करून देण्याच्या कामात हिंदी फौज अडकली. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाला उतरलेल्या ४९ व्या ब्रिगेडच्या तीनपैकी दोन पलटणी मराठा होत्या. इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांनी शहरभर विखुरलेल्या तुकड्यांना घेरले, ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. नेहरूंनी जाहीर निषेध केला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या नाविकांनी बंड केले तेव्हा जेवण, पगार आणि वागणुकीच्या मागण्यांबरोबर इंडोनेशियातून हिंदी फौज परत आणा ही मागणीही होती. त्या वर्षाअखेर ती परत आली.

१९४७ मध्ये फौज भारत आणि पाकिस्तानात वाटली गेली आणि ब्रिटनची पूर्वेकडची राखीव कुमक संपली. गुरख्यांच्या दहा रेजिमेंटांची मात्र वेगळी वाटणी झाली: सहा भारताकडे, चार ब्रिटनकडे. ब्रिटनने आपल्या चार मलायात नेल्या आणि १९४८ मध्ये तिथे कम्युनिस्टांचे बंड सुरू झाले तेव्हा त्या रबराच्या मळ्यांच्या बंदोबस्ताला लागल्या. त्यांचा पगार आता ब्रिटिश तिजोरीतून जात होता.